रद्दीवाल्याच्या आधी पोहोचा : गावाचं दप्तर जपायला सुरुवात कशी करावी

वाईत जुना वाडा उतरवायचा ठरला की आधी लाकूड घेणारा येतो. तुळया, खांब, कडीपाट यांचा भाव ठरतो. मग दगड-विटांचा गिऱ्हाईक. सगळ्यात शेवटी तराजू घेऊन रद्दीवाला. आम्ही चार-पाच जण पहिल्यांदा ज्या घरी गेलो, तिथे तो आमच्याआधी अर्धा तास येऊन गेला होता. माळ्यावर फक्त एक पत्र्याची ट्रंक उरली होती, तीही कुलूप गंजून बसल्यामुळे कुणी उघडायच्या फंदात पडलं नाही म्हणून.

आत एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या रोजकिर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या) आणि खतावण्या (गिऱ्हाइकवार खात्यांच्या वह्या) होत्या. आमचा जरा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू! आम्हाला शिक्कामोर्तब केलेली सनद हवी होती, आणि मिळालं काय तर गूळ, चहापत्ती आणि रॉकेल. त्या हिरमोडात आम्ही ट्रंकेचं वाटोळं केलं. सगळं बाहेर काढलं, झटकलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि सालवार लावून ठेवलं. वह्यांमध्ये खोचलेल्या चिठ्ठ्या, पोस्टकार्डं, औषधाच्या पुड्यांचे कागद 'किरकोळ' म्हणून एका पिशवीत भरले. दोन महिन्यांनी लक्षात आलं की त्या चिठ्ठ्या म्हणजे उधारीचे निरोप होते आणि ज्या गिऱ्हाइकाच्या पानात चिठ्ठी होती, तिथेच तिचा अर्थ होता. 'पोराच्या हाती दोन शेर तांदूळ द्यावे, सुगीला देतो.' कोण देतो? कुठल्या सालच्या सुगीला? ते आता कुणालाही सांगता येणार नाही.

म्हणून हे काम नव्यानं सुरू करणाऱ्याला मी एकच गोष्ट परत परत सांगतो. कागद काय सांगतो हे नंतर बघा. तो कुठे, कुणाकडे, कशात आणि कशाबरोबर होता, ते आधी लिहून ठेवा. मजकूर पन्नास वर्षांनीही वाचता येईल. जागा एकदा मोडली की गेली.

आधी माणसं

कागद मागायला गेलात की घरातल्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जमिनीचा. 'यात आमच्या हिश्शाचं काही निघालं तर?' दुसरा प्रश्न हल्ली जातीच्या दाखल्याचा असतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा तहसील कचेऱ्यांतली मोडी, म्हणजे जुन्या जोडाक्षरी मराठी लिपीतली, रजिस्टरं धडाधड बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. तेव्हापासून जुना कागद म्हटलं की लोक सावध होतात, आणि ते बरोबरच आहे.

पहिल्या भेटीत कॅमेरा काढू नका. गावातल्या ओळखीच्या माणसाबरोबर जा, चहा घ्या, त्यांच्या आजोबांविषयी विचारा. निघताना सांगा : कागद तुमचे, तुमच्याच घरात राहतील. आम्ही तुमच्यासमोर बसून फोटो काढू, एक संच तुम्हाला देऊ आणि जे दाखवायचं नसेल ते दाखवणार नाही. एवढं एका साध्या कागदावर मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. वकिली भाषा नको, ती वाचली की माणूस पुन्हा घाबरतो.

'तुमच्याच घरात राहतील' या शब्दांवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीत नाना फडणिसांचा वाडा आहे. तिथलं नानांचं दप्तर इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीसांच्या हाती आलं. पारसनीसांनी साताऱ्यात उभं केलेलं संग्रहालय १९२५ चं, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. पारसनीस नसते तर त्यातलं कितीतरी वाळवीनं खाल्लं असतं, हे मान्यच. पण आज मेणवलीच्या पोराला आपल्या गावच्या वाड्यातला कागद बघायचा तर पुण्याची एसटी धरावी लागते. त्या काळी दुसरा इलाज नव्हता. आपल्या खिशात मोबाइल आहे.

शोधायचं कुठे

नवखा माणूस थेट वाड्यावर जातो. त्याआधी छापलेलं बघून घ्या, नाहीतर सापडलेला कागद 'अप्रकाशित' म्हणून नाचवाल आणि कुणीतरी तो शंभर वर्षांपूर्वीच छापलेला निघेल. इतिहासाचार्य राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड (पहिला १८९८ चा), आणि रियासतकार सरदेसायांनी निवडून काढलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड, हे दोन्ही स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. आपल्या गावाचं, शेजारच्या दोन-चार गावांचं आणि गावातल्या मोठ्या घराण्यांचं नाव त्यांत शोधा. मुंबई इलाख्याचं जुनं गॅझेटियरही पाहा. साताऱ्याचा खंड १८८५ चा, एकोणिसावा. पण त्यातल्या दंतकथा आणि जातींची वर्णनं वाचताना हे ध्यानात असू द्या की साहेबाला ती माहिती कचेरीतल्या कारकुनानं पुरवली आहे. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकाही सोडू नका.

मग गावात उतरा. नगरपालिकेची ठरावबुकं, शाळेचं जनरल रजिस्टर, वाचनालयाची वर्गणीदारांची यादी, विविध कार्यकारी सोसायटीचं दप्तर, तालमीचा आणि गणेश मंडळाचा जमाखर्च. यांपैकी सरकारी आणि निमसरकारी दप्तर घरी आणायचं नाही, कुणी प्रेमानं दिलं तरीही नाही. रीतसर अर्ज करून तिथेच बसून बघायचं. जुने सातबारा, फेरफार यांच्यासाठी 'आपले अभिलेख' हे सरकारी संकेतस्थळ आहे. कचेरीत वाद घालण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक जागा लोकांना सुचत नाही : तीर्थक्षेत्रं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळींत गावोगावच्या यात्रेकरूंची नावं, बापजाद्यांसकट, कधी स्वतःच्या हस्ताक्षरात असतात. गावाबाहेर गावाचा इतिहास असा पडलेला असतो.

राहता राहिली घरं. सनदा-पत्रांबरोबर हेही मागा : लग्नपत्रिका, नाटकाची हँडबिलं, मेसच्या हिशेबाची वही, रेशनकार्ड, हळदीकुंकवाच्या याद्या, पोरांच्या शाळेच्या वह्या, दुकानांची बिलबुकं. लोक म्हणतील, 'याचं काय करायचं?' ज्या कागदाबद्दल असं म्हणतात तोच आधी रद्दीत जातो. सनद कुणी फेकत नाही, ती फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली असते.

ट्रंक उघडताना

उघडण्याआधी ट्रंकेचा फोटो, ती ज्या जागी आहे त्या जागेसकट. झाकण उघडल्यावर वरून एक. मग एकेक थर काढायचा आणि दर थराचा एक. कागद रुमालात बांधलेले असतील तर रुमालाची गाठ, त्यावर काही लिहिलं असेल तर ते, मग आतला क्रम. कारकुनानं ते बासन बांधलं तेव्हा काहीतरी विचार करून बांधलं होतं. तो आपल्याला लगेच कळत नाही म्हणून मोडायचा नाही. सालवार लावायची हौस असेल तर ती संगणकातल्या यादीत भागवा, तिथे एका टिचकीत लागतं आणि परतही फिरवता येतं.

प्रत्येक घराला एक आकडा, प्रत्येक गठ्ठ्याला एक, प्रत्येक कागदाला एक. मूळ कागदावर लिहायची वेळ आलीच तर मऊ पेन्सिलीनं, मागच्या कोपऱ्यात, बारीक. बॉलपेन, रबरी शिक्का, चिकटपट्टीचं लेबल काही नको. पण मागची बाजू कोरी समजू नका. जुन्या पत्रांच्या पाठीवर पुष्कळदा 'पैवस्ती' असते, म्हणजे पत्र कधी पोचलं त्याची नोंद. पत्र लिहिल्याची तारीख पुढे, मिळाल्याची मागे. त्या दोहोंतल्या अंतरावरून जासूद किती दिवसांत आला ते कळतं. आम्ही पहिल्या पन्नास-एक कागदांची फक्त पुढची बाजू टिपली होती आणि नंतर त्या घरी पुन्हा तोंड वर करून जावं लागलं.

साफसफाई कमीत कमी. कोरडा, मऊ केसांचा रुंद ब्रश, मधून बाहेर असा हलका हात. पाणी नाही, ओलं फडकं नाही. मोडीतली पुष्कळशी जुनी शाई काजळीची, ओल लागली की पसरते. घडी करकरत असेल तर जोर करू नका, तो कागद 'न उघडलेला' म्हणून नोंदवून बाजूला ठेवा.

सेलोटेप नको. दहा वर्षांत ती पिवळी पडते, गळते आणि डिंक कागदात मुरतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते परत काढता येत नाही. लोक हे प्रेमानं करतात, म्हणूनच रागावता येत नाही. एका घरी मला पणजोबांची सनद मोठ्या कौतुकानं दाखवली, चकचकीत प्लास्टिकमध्ये कायमची बंद. मी 'छान' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? टाचण्या, स्टेपल, रबरबँड काढून टाका. गंजलेली टाचणी ओढू नका, कागद खाली दाबून धरून हळूच सरकवा.

गुंडाळायला मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) वापरा, पण आधी धुऊन खळ काढलेलं. खळीला कसर, म्हणजे कागद-कापड खाणारा किडा, लागतो. रंग सोडणारं कापड नको. कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या यांवर फार भिस्त ठेवू नका. खरं औषध म्हणजे कोरडी हवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पडलेली माणसाची नजर. जुना हातकागद आपल्याला वाटतो त्यापेक्षा चिवट असतो. दोनशे वर्षांचा जुन्नरी कागद बोटांत खुळखुळतो आणि १९६० चं वर्तमानपत्र हातात भुगा होतं. त्यामुळे फोटो काढायची घाई आधी वर्तमानपत्रांची, मग बखरींची.

ट्रंक तळमजल्यावर ठेवू नका. नदीकाठच्या गावाला हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. २००५ च्या पुरात तिथे पाणी शिरलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. कागद भिजलाच तर उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. पंख्याच्या वाऱ्याखाली, मध्ये टीपकागद घालून वाळवा आणि टीपकागद बदलत राहा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. एवढ्या अवधीत सगळं वाळवणं होणार नसेल तर उरलेलं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. हे ऐकून आइस्क्रीमवाला हसेल, पण गोठलेल्या कागदाला बुरशी चढत नाही आणि आपल्याला वेळ मिळतो.

मोडी आणि जुन्या तारखा

मोडी शिकायला लोक उगाच घाबरतात. अक्षरं पंधरा दिवसांत येतात. पुराभिलेख संचालनालय आणि काही विद्यापीठं तिचे वर्ग घेतात. अवघड असतं ते वाचन, कारण आधी लांबच लांब रेघ मारून तिच्याखाली अक्षरं न थांबता लिहीत गेलेली असतात. शब्द कुठे तुटतो ते आपण ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. युक्ती एकच : ठराविक मायने पाठ करा. पत्राची सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात, ते ओळखले की त्या लेखकाची अक्षरं कशी वळतात ते कळतं आणि मधला मजकूर सुटायला लागतो.

तारखांनी मात्र भलेभले फसतात. समजा कागदावर आहे : 'छ १२ रबिलावल सन इहिदे सबैन मया व अलफ'. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. पुढचं साल अरबी शब्दांत : इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एकूण ११७१. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवायचे, आले १७७०. हे साल मृगाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास सुरू होतं. रबिलावल त्या वर्षी जून-जुलैत आला होता, म्हणून पत्र १७७० च्या जुलैच्या सुरुवातीचं, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतलं. हाच महिना पौष-माघात आला असता तर साल १७७१ धरावं लागलं असतं. महसुली कागदांतल्या फसली सनाला ५९० मिळवा, शालिवाहन शकाला ७८, आणि कागद जानेवारी ते मार्चमधला असेल तर ७९. नोंदीत नेहमी दोन्ही लिहा : कागदावर आहे तशी तारीख आणि तुम्ही काढलेली. तुमचं गणित चुकलं तर पुढच्याला दुरुस्त करता आलं पाहिजे.

तारीखच नसली तर? मग कागदावरच्या फालतू गोष्टी कामाला येतात, आणि हा या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग. आमच्याकडे एक लग्नपत्रिका आली. तिथी होती, वार होता, साल नव्हतं. खाली पत्ता : 'मु. पो. वाई, जि. उत्तर सातारा'. सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले १९४९ मध्ये, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे पत्रिका त्या अकरा-बारा वर्षांतली. मग तिथी-वाराचा मेळ जुन्या पंचांगांत बसवला की साल मिळतं. असंच हिशेबाचं. रुपये-आणे-पै असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' दिसले तर नंतरचं. बहुधा म्हणतो, कारण गावच्या दुकानदारानं आणे त्यानंतरही बरेच दिवस सोडले नव्हते. लेटरहेडवर पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'मुंबई राज्य' छापलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, तो स्टुडिओ कधी होता ते गावातली म्हातारी माणसं लगेच सांगतात.

फोटो, फाइल, यादी

स्कॅनर असेल तर कागदाला ३०० डीपीआय पुरे, लहान फोटोंना ६००. नसेल तर मोबाइल चालतो. खिडकीचा सावलीतला उजेड, फ्लॅश बंद, मोबाइल स्टँडला लावून कागदाच्या बरोबर वर. कडेला एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. पानाच्या चारही कडा आल्या पाहिजेत, कोरं पान असलं तरी. मूळ फाइलला हात लावू नका, उजळवायची-कापायची ती प्रत वेगळी. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमचा एक अख्खा गठ्ठा असा आकसून आला आणि मोडीच्या जागी मुंग्या दिसायला लागल्या.

फाइलच्या नावात 'आजोबांचं पत्र नवीन फायनल' असलं काही नको. घर, गठ्ठा, कागद, पान यांचे आकडे फक्त, इंग्रजी अक्षर-अंकांत, म्हणजे कुठल्याही संगणकावर उघडेल. बाकी सगळं यादीत. यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये, युनिकोड मराठीत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या कितीतरी मराठी याद्या आज उघडल्या की नुसती कोडी दिसतात, आणि ज्या मशीनवर तो फॉन्ट होता ते मशीन भंगारात गेलेलं असतं.

रकाने फार नकोत. आमची एक ओळ अशी आहे :

घर ०७, गठ्ठा ०२, कागद ०१४. रोजकीर्दीचं पान, शके १८६५. दोन पानं, उजव्या कोपऱ्याला कसर. ट्रंकेतली वरून तिसरी वही. मध्ये खोचलेली चिठ्ठी : नाही (होती की काय, माहीत नाही). लिपी मोडी, आकडे देवनागरी. मजकूर : दिवसाची विक्री, रॉकेलची नोंद वेगळी. मालक : घर ०७. दाखवायला परवानगी : नावं झाकून.

कंसातलं वाक्य मी मुद्दाम ठेवलंय.

प्रती तीन हव्यात : एक काम करणाऱ्याकडे, एक हार्ड डिस्कवर दुसऱ्या घरी, एक क्लाउडवर किंवा पुण्या-मुंबईतल्या गाववाल्याकडे. तिन्ही प्रती एकाच आळीत असतील तर पुराच्या दृष्टीनं ती एकच प्रत.

कागदावर नसलेलं

कागद लिहिणारे गावात मूठभर होते. बायका, बलुतेदार, गावकुसाबाहेरचे लोक दप्तरात दिसतात ते बहुतेक कर्जदार, आरोपी किंवा वेठीला धरलेले म्हणून. त्यांचं स्वतःचं सांगणं ऐकायचं तर रेकॉर्डर घेऊन बसावं लागतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातली एकही कुठल्या वाड्याच्या माळ्यावर सापडली नसती.

'तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं की माणूस भाषण करतो, स्वातंत्र्यलढ्यापासून सुरुवात. वस्तूला आणि जागेला धरून विचारा. वाईत मी पुराबद्दल विचारताना साल विचारत नाही. 'पाणी ढोल्या गणपतीच्या कुठवर आलं होतं?' असं विचारतो. १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या त्या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी कापायला माशाच्या आकाराची केली आहे, आणि गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात तीच मोजपट्टी आहे. 'तेव्हा तुम्ही चूल कुठे मांडलीत?' असं पुढे विचारलं की मग वाईच्या गंगापुरी पेठेतल्या कुणाच्या माडीवर किती कुटुंबं होती, कुणाच्या हातचं कुणाला चाललं आणि कुणाचं चाललं नाही, सगळं आपोआप येतं. धोम धरणाखाली गेलेल्या गावांतली माणसं भेटली तर शेतांची नावं विचारा. सातबाऱ्यावर गट नंबर आहे, पण 'चिंचेचा मळा' आणि 'बाभळीची पट्टी' फक्त त्यांच्या तोंडी उरली आहे.

एका बैठकीत तास-सव्वा तास पुरे. पंखा आणि टीव्ही बंद करून घ्या. घरातले इतर लोक मध्ये दुरुस्त्या करत असतील तर करू द्या, त्याही रेकॉर्ड होऊ द्या. सुरुवातीला तारीख, जागा आणि परवानगी आवाजात बोलून घ्या. सांगितलेलं कागदाशी जुळलं नाही तर लगेच खोडू नका, दोन्ही नोंदवा.

दगडांबद्दल थोडक्यात. वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ (शापाचं चित्र कोरलेला दानाचा दगड), शिलालेख यांवर खडू, तेल, रंग, पीठ काही फासू नका. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री बाजूनं टॉर्च धरून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. देऊळ समितीनं आधीच ऑइलपेंट चढवला असेल तर तो खरवडायचा नाही. आणि जीर्णोद्धाराच्या फरश्या बसायच्या आत पोहोचा.

काय दाखवायचं, काय झाकायचं

किराण्याच्या त्या खतावणीत कुणाकडे किती थकलंय त्याची नावं आहेत. त्यांचे नातू त्याच आळीत राहतात, एकजण आमच्याबरोबर काम करतो. त्यामुळे आमचा नियम : कर्जरोखे, दत्तकपत्रं, भांडणाच्या तक्रारी, आजारपणाच्या नोंदी या हयात माणसांच्या जवळच्या असतील तर यादीत फक्त प्रकार आणि साल, चित्र बंद. कुणी दाखल्यासाठी किंवा दाव्यासाठी कागद मागायला आला तर घरमालकाकडे पाठवायचं, आपण मध्ये पडायचं नाही. गावातल्या दोन घराण्यांच्या मानापानाच्या वादात आपल्या यादीचा पुरावा म्हणून वापर होऊ लागला की पुढची दहा घरं दार लावून घेतात.

कायदा थोडा ठाऊक असावा. कागद ज्याच्या ट्रंकेत, त्याचाच मजकुरावरचा हक्क असं नसतं. पत्राचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्या मृत्यूनंतर वारसांचा, आणि त्याच्या हयातीत छापलेलं नसेल तर ६० वर्षं पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. ७५ वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पाया खणताना नाणी-बिणी सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असतात. त्यासाठी १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि त्यात किमतीची मर्यादा दहा रुपये आहे! लोक कळवत नाहीत, हा भाग वेगळा.

लोकांपुढे

काम पुरं झाल्यावर दाखवू असं म्हणाल तर कधीच दाखवणार नाही. पन्नास कागद झाले की पहिलं प्रदर्शन लावा. आम्ही ते कृष्णाबाईच्या उत्सवात, घाटाजवळ, दोरीला चिमटे लावून केलं. मूळ कागद एकही नव्हता, सगळ्या मोठ्या केलेल्या छापील प्रती. जुन्या फोटोंशेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवली : 'यात कुणाला ओळखता? लिहा.' लोकांनी नावं लिहिली, एकमेकांची खोडली, वर बाण काढून भांडण मांडलं. ते कागदही आम्ही क्रमांक देऊन ठेवले आहेत.

ज्यांना परवानगी आहे आणि कॉपीराइट संपला आहे अशी चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर, जुनी छापील पुस्तकं मराठी विकिस्रोतावर किंवा इंटरनेट अर्काइव्हवर चढवा. गावाचं स्वतःचं संकेतस्थळ काढायचा मोह मी टाळायला सांगतो. काढणारा पोरगा नोकरीला बंगळूरला जातो, नावाचे पैसे भरायचे राहतात आणि दोन वर्षांत तिथे भलतीच जाहिरात दिसते. त्यापेक्षा यादीची एक छापील प्रत गावच्या वाचनालयात ठेवा, स्पायरल बायंडिंग करून. तीच सर्वांत जास्त वापरली जाते.

आणि घराला दिलेला शब्द पाळा. फोटोंचा संच पेनड्राइव्हमध्ये नको, तो हरवतो किंवा त्यावर नातवाची गाणी भरली जातात. निवडक पंधरा-वीस पानं छापून, घराच्या नावानं फाइल करून नेऊन द्या. घर ०७ ला आम्ही फाइल द्यायला गेलो तेव्हा फडताळातून आणखी एक पिशवी निघाली. या वेळी कुणी तिला हात लावायच्या आत फोटो काढला.

दर वर्षी खंडेनवमीला आमच्याकडे हार्ड डिस्कचीही पूजा होते. पण हळदकुंकू लागण्याआधी ती संगणकाला जोडायची, दर गठ्ठ्यातल्या चार-दोन फाइली उघडून बघायच्या आणि बघणाऱ्यानं यादीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून सही करायची. गेल्या वर्षी दोन फाइली उघडल्या नाहीत. दुसऱ्या घरच्या प्रतीवरून त्या परत घातल्या, मग झेंडूचं फूल वाहिलं.